राज्यातले सर्व चढ

"उताराचं बाळा बळ, ठेव बांधून पदरी
चढाच्या रं वाटेवर, तीच होईल शिदोरी"

बाशिंग्या बैल वासरू होता तेव्हा त्याची आई रवंथ करता करता हे गुणगुणायची. त्याला वाटायचं, गाणं आहे. ती गाडी ओढायची रीत होती.

तर एका रानात तरस महाराजांचं राज्य होतं. ते निवडून आले होते, कारण बाकीचे उमेदवार सापडले नाहीत. रानातली ये-जा बैलगाड्यांवर चाले. अर्धी वाट नदीकडे उतार, अर्धी दमखिंडीचा चढ. वैरण मात्र पुरत नसे.

मग सुतारपक्ष्यानं वेताची एक कमान केली. उतारावर ती चाकाबरोबर गुंडाळायची, चढावर सुटून चाकाला ढकलायची. निम्म्या वैरणीत घाट सर! कमान खरोखर चालली, म्हणून ती सरकारनं ताब्यात घेतली.

"गाडी तिथं कमान!" महाराज गरजले. कमानी करायचं काम वैरणमंत्री घूसमावशींच्या बिळाकडे गेलं. बिळातून कमानींच्या हिरव्या पेट्या आल्या. वर लिहिलं होतं : उघडू नये.

चाचणीला बाशिंग्या आणि त्याचा जोडीदार कोसा यांची गाडी निवडली. घाटात पाहुण्यांना ऊन लागेल, म्हणून चाचणी उतारावरच घेतली. गाडी अशी धावली की ढोलवाले मागे पडले. बाशिंग्याला चाकावरची पेटी जरा हलकीच वाटत होती. पण महाराजांनी स्वतःच्या हातानं त्याला कडब्याची पेंढी भरवली.

"कसं वाटलं, बाशिंगराव?" घूसमावशींनी विचारलं.

बाशिंग्यानं चावता चावता मान हलवली. ती मान दुसऱ्या दिवशी जाहिरात होऊन प्रत्येक झाडावर चिकटवलेली होती.

आणि वैरण निम्मी झाली.

दमखिंडीत गाड्या थांबू लागल्या. एकदा कोसा गुडघ्यांवर बसला आणि गाडी मागे घसरली. आतली भागा शेळी ओरडली, "अगं बया, म्होरं जायचं भाडं घेऊन मागं कुठं नेता?"

"मागं नाही, भागाक्का," कोसा धापा टाकत म्हणाला. "ही बचत आहे."

सरकारनं समिती नेमली. समिती पालखीतून घाट चढली आणि तिला चढ जाणवला नाही. हुकूम निघाला : आजपासून राज्यातले सर्व चढ हे उतार समजावेत. कोसाला नोटीस आली : उतारावर का थांबलात? उताराला वैरण कशाला लागते, म्हणून उरलेली निम्मीही बंद झाली. घूसमावशींचं बीळ तेवढं रुंद होत गेलं.

मग महाराज दमखिंडीत 'नव्या उताराचं' उद्घाटन करायला आले. कोसा तीन दिवस चाकाशेजारी पडून होता. त्याच्या बरगड्या मोजता आल्या असत्या, पण मोजण्यावर बंदी होती. बाशिंग्या त्याची मान चाटत होता.

"लाभार्थी म्हणून दोन शब्द, बाशिंगराव!" महाराज हसले. तरसच ते, हसणारच.

बाशिंग्या चाकाकडे वळला आणि शिंगानं हिरवी पेटी फोडली. आत वारा होता, तोही निघून गेला.

"अरेरे!" घूसमावशी म्हणाल्या. "हे आम्हाला आजच कळतंय."

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," बाशिंग्या म्हणाला. "पण तेव्हा माझ्या तोंडात तुमचा कडबा होता."