सागवानी बंगला आणि परदेशी भुसा

बंदरावर सकाळपासून माल तपासून सरकारी कीड-तपासनीस सुलभाबाई केळुसकरांचे गुडघे दुखून आले होते. त्यातच परदेशातून आलेल्या ओंडक्यांवर त्यांना बारीक भोकं आणि ताजा भुसा दिसला; म्हणजे आत लाकूड पोखरणारा जिवंत किडा होता.

"विषारी धुरी दिल्याशिवाय हा माल सोडता येणार नाही," त्या म्हणाल्या.

मालाचे मालक दामूशेठ भडकले. "एवढासा किडा देशाचं काय वाकडं करणार? मंत्र्यांना फोन लावू?"

हे रोजचंच होतं. बाई थकल्या आवाजात म्हणाल्या, "फोन कशाला, शेठ? तुमचा नवा बंगला सगळा सागवानी आहे म्हणे. यातले चार ओंडके महिनाभर दिवाणखान्यात ठेवा. सागवान शाबूत राहिलं, तर मुकाट्यानं सही करते."

शेठ भुशाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बाई, धुरी जरा दाटच द्या."

बाई हसल्यासुद्धा नाहीत. अजून सहा कंटेनर बाकी होते.