पंपाचा मेन स्विच

शाळेतल्या मुलांची ने-आण कोणत्या गाडीनं करायची, हे ठरवायला मुख्याध्यापक पेट्रोल पंपावर आले होते. एकीकडे पंपमालक अप्पासाहेब ढमढेऱ्यांची व्हॅन, दुसरीकडे मैनाबाईंची बॅटरीवरची रिक्षा.

“वीज गेली की हिची रिक्षा मेली!” अप्पासाहेब मिशीला पीळ देत म्हणाले.

याच कामावर मैनाबाईंचं घर चालणार होतं. “मग गेलीच समजा,” म्हणत त्यांनी पंपाचा मेन स्विच खाडकन पाडला आणि रिक्षा पंपाभोवती दोनदा फिरवून आणली. “आता तुम्ही व्हॅनमध्ये लिटरभर पेट्रोल भरून दाखवा.”

पंपाचं मशीन ढिम्म.

“अरे, जनरेटर लावा!” अप्पासाहेब कडाडले.

“त्यातलं डिझेल संपलंय, साहेब,” नोकर पुटपुटला.

“मग भरा की,” मैनाबाई म्हणाल्या, “पंप तुमचाच आहे!”