हाक झेलणारा

फार फार जुनी गोष्ट. खाडीवर पूल बांधावा असे अजून कोणाच्या मनातही आले नव्हते, तेव्हाची. खाडीच्या दोन काठांवर दोन गावे होती आणि त्यांच्यामध्ये एक मोठी नाव ये-जा करीत असे. नावेवर आठ वल्हेकरी आणि एक तांडेल.

वल्हेकरी नावेत कसा बसतो, ठाऊक आहे ना? जिकडे जायचे तिकडे पाठ करून. पुढचे पाणी त्याला दिसत नाही. ते दिसते सुकाणू धरून उभ्या असलेल्या तांडेलाला. म्हणून हुकूम तांडेलाचा.

पण खाडीच्या तोंडाशी वारा फार. तांडेलाची हाक नावेच्या दुसऱ्या टोकाला पोचत नसे. त्यासाठी एक रीत होती. तांडेलाच्या अगदी समोर बसणारा वल्हेकरी ती हाक खणखणीत आवाजात परत म्हणे आणि शेवटी 'तांडेल' हा शब्द जोडी. "मारा, तांडेल!" "थांबा, तांडेल!" याला हाक झेलणे म्हणत.

एका म्हाताऱ्या वल्हेकऱ्याने तीस वर्षे ही हाक झेलली होती. तांडेल त्याचा मित्र, त्याच्याच वयाचा. तीस वर्षे दोघे समोरासमोर. मित्राच्या कपाळावरची आठी पाहून म्हाताऱ्याला वाऱ्याचा अंदाज येई.

एका पावसाळ्यात तांडेल तापाने गेला. जाताना त्याने एका तेवीस वर्षांच्या तरुणाचे नाव सांगितले. दोन्ही गावांच्या जाणत्यांनी ते मानले आणि सुकाणू त्या तरुणाच्या हाती दिले.

पहिल्या दिवशी म्हातारा सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "याला मी पोहायला शिकवलंय. 'आबा, पाय टेकत नाहीत' म्हणून रडायचा. आता हा मला पाणी दाखवणार!"

वल्हेकरी हसले. "पाय अजूनही टेकत नाहीत, आबा," तरुण म्हणाला आणि सुकाणूपाशी जाऊन उभा राहिला.

त्याने हाक दिली, "मारा!"

म्हाताऱ्याने वल्हे मारले, पण तोंड उघडले नाही. मागच्यांनी त्याच्या वल्ह्याकडे पाहून आपापली वल्ही मारली. नाव चालली. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले, तिसऱ्या दिवशीही. म्हातारा वेळेवर येई, सर्वांच्या आधी बसे, सर्वांच्या शेवटी उठे. त्याच्या कामात खोट काढायला जागा नव्हती. तो फक्त एक शब्द देत नव्हता.

"आबा, हाक झेला ना," तरुण एकदा म्हणाला.

"हात चालतोय ना माझा? मग झालं तर, पोरा."

तरुणाने पुन्हा आग्रह केला नाही. ही त्याची चूक.

थंडीच्या दिवसांतल्या एका सकाळी खाडीवर दाट धुके होते. नावेत दोन्ही गावांची चाळीस माणसे होती. ओहोटीने उघडा पडलेला खडक तरुणाला अगदी जवळ आल्यावर दिसला. तो ओरडला, "उलटं!"

म्हाताऱ्याने वल्हे उलटे मारले. तोंड मिटलेलेच होते. जवळच्या चौघांना त्याचे वल्हे दिसले, त्यांनीही उलटे मारले. धुक्यातल्या पलीकडच्या चौघांना काही दिसले नाही आणि माणसांच्या गलबल्यात काही ऐकूही आले नाही. ते पुढेच मारत राहिले. नाव गर्रकन फिरली आणि खडकावर आदळली.

माणसे वाचली. पण टोकाच्या फळीवरच्या वल्हेकऱ्याचा हात नावेची कड आणि खडक यांच्यात चिरडला. वैद्याने पाहून मान हलवली. तो हात पुन्हा वल्हे धरणार नव्हता.

जाणत्यांनी विचारले, "चूक कोणाची?"

"हाक शेवटपर्यंत पोचली नाही," तरुण म्हणाला. "ती पोचवणं तांडेलाचं काम. चूक माझी."

"मग उद्यापासून सुकाणू दुसरा कोणीतरी धरील," जाणते म्हणाले.

म्हातारा गर्दीत उभा होता. तो तिथून निघाला आणि जखमी वल्हेकऱ्याच्या घरी गेला. जखमी माणूस डोळे उघडून म्हणाला, "आबा, मी तुमच्या आवाजाची वाट बघत होतो."

तेथून म्हातारा काठावर आला. तरुण नावेची फुटलेली फळी काढत होता.

"दुसऱ्या कोणाला तांडेल म्हणवेना मला," म्हातारा म्हणाला. "तो शब्द तोंडातून गेला, की माझा माणूसही गेला, असं वाटायचं."

तरुणाने हातातली फळी खाली ठेवली. "त्यांच्या शेवटच्या दिवशी मी त्यांना म्हटलं होतं, मला भीती वाटते. ते म्हणाले, कसली भीती? समोर झेलणारा बसलाय."

म्हातारा वळला. तो थेट जाणत्यांकडे गेला आणि म्हणाला, "हाक दिली गेली होती. ती माझ्यापाशी अडली. सुकाणू त्याच्याच हाती राहू द्या."

जाणत्यांनी ऐकले. फळी दुरुस्त झाली, नाव पुन्हा पाण्यात उतरली. टोकाच्या फळीवर नवा माणूस होता. तरुण सुकाणूपाशी उभा राहिला. त्याने समोर पाहिले आणि हाक दिली, "मारा!"

वारा नेहमीसारखाच सुटला होता. म्हाताऱ्याने जुन्या, खणखणीत आवाजात हाक झेलली, "मारा, तांडेल!"

आठही वल्ही एकदम पाण्यात बुडाली. काठावर एक माणूस आपला निकामी हात छातीशी धरून उभा होता. ती हाक त्याच्यापर्यंतही पोचली.

ज्याला पुढचे पाणी दिसते त्याची हाक झेलावी. त्याचे वय किती, हे खडक विचारत नाही.