यल्लूची मूठभर माती

फार वर्षांपूर्वी, शाळा देवळाच्या ओसरीत भरायची त्या काळात, मोरदऱ्याला केरोबा गुरुजी नावाचे मास्तर होते. सातवीच्या पोरांना ते इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. असं म्हणतात, की गुरुजींनी गोदावरी शिकवायला घेतली की मागच्या पोरांची बस्करं ओली व्हायची आणि किल्ल्याचा वेढा सांगितला की त्या दिवशी मधल्या सुट्टीत भाकरी कुणाच्या घशाखाली उतरत नसे. आता ओसरी गळकी होती म्हणून बस्करं ओली व्हायची, असंही कुणी म्हणेल. म्हणू दे बापडा.

गुरुजींची शिकवायची एक रीत होती. दरवर्षी प्रत्येक पोरानं आपल्या दारातली मूठभर माती आणायची आणि शाळेपुढच्या अंगणात जमिनीवर आखलेल्या गावाच्या नकाशावर आपलं घर असेल तिथं ती ठेवायची. गुरुजी म्हणायचे, जो जिथं राहतो तिथला तो नागरिक, आणि ज्याची माती नकाशात आहे त्याचं गाव.

त्या वर्षी सातवीत यल्लू होती. ओढ्यापलीकडच्या पाथरवटांची ही पोर. तिचे आईबाप पाटे-वरवंटे घडवायचे आणि गावातल्या झिजलेल्या जात्यांना टाकी मारून पुन्हा खरखरीत करून द्यायचे. मोरदऱ्यात असं एक घर नव्हतं जिथलं पीठ त्यांच्या हातच्या दगडातून पडत नव्हतं. वस्तीतली सातवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच, आणि नागरिकशास्त्रात सगळ्यांच्या पुढं.

त्यातच शाळा तपासायला मोठे साहेब येणार असं कळलं. आदल्या दिवशी पाटील शाळेत आले आणि गुरुजींना म्हणाले, नकाशा ओढ्यापर्यंतच काढा. पलीकडचे लोक फिरस्ते, आज आहेत उद्या नाहीत. त्यांना गावच्या विहिरीवर पाणी का नाही असं साहेबानं विचारलं तर काय सांगायचं? गुरुजींना हे पटलं नव्हतं. पण नोकरी पाटलांच्या शब्दावर होती. त्यांनी चुन्याची फक्की घेतली आणि ओढ्याच्या अलीकडूनच गावाची शीव आखली.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर एकेक पोर येऊन माती ठेवू लागलं. यल्लू आली, रेघेपाशी थांबली आणि म्हणाली, "गुरुजी, माझी माती कुठं ठिवू?"

गुरुजी म्हणाले, "आज राहू दे, बाळ. जागा संपली."

पोरीनं माती टाकली नाही. मूठ तशीच आवळून ती घरी गेली. साहेबांनी नकाशा वाखाणला, पाटलांनी मिशीवर हात फिरवला आणि गुरुजींची मान खाली गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवसापासून गुरुजींचा खडू उमटेना. इतिहास लिहिला तर उमटायचा, पण नागरिकशास्त्राचा धडा लिहायला घेतला की फळा कोरा. तोच खडू पोरांच्या हातात दिला तर सरळ चालायचा. गावानं लिंबू उतरवलं, भगत आणला. गुरुजींना कारण ठाऊक होतं, पण ते सांगायची लाज वाटत होती. ओढा दिसू नये म्हणून ते लांबच्या वाटेनं घरी जाऊ लागले. आणि असं म्हणतात, की तिकडं यल्लूची मूठ उघडेना. आईनं गरम पाण्यानं शेकली, बापानं बोटं सोडवून पाहिली. पोर डाव्या हातानं जेवायची आणि शाळेचं नाव काढायची नाही.

शेवटी एका बाजाराच्या दिवशी, सगळं गाव बघत असताना, गुरुजी भर उन्हात ओढा ओलांडून गेले. यल्लूच्या बापाची टाकी थांबली. गुरुजींनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली आणि पोरीपुढं धरली.

"जागा संपली नव्हती, यल्लू. मी भ्यालो होतो. तुझी माती दे."

यल्लूनं टोपीकडं बघितलं. मग म्हणाली, "टोपी मळंल, गुरुजी."

"मळू दे."

मूठ उघडली. असं म्हणतात, की ती मूठभर माती टोपीत पडताच इतकी जड झाली की गुरुजी वाटेत ठिकठिकाणी बसत शाळेत पोचले. त्यांनी फक्कीची रेघ हातानं पुसली, माती ओढ्यापलीकडं ठेवली आणि त्या दिवशी खडू उमटला.

गोष्ट इथं संपती तर आम्हाला मान वर करून सांगता आली असती. पण मास्तरानं पाथरवटापुढं टोपी काढली याचा गावाला राग आला. पाटलांनी सांगितलं आणि गावानं ऐकलं. कुणी पाथरवटांकडून जात्याला टाकी मारून घेईना, कुणी पाटा विकत घेईना. गुरुजी घरोघर विनवत फिरले. एकही दार उघडलं नाही. दिवाळीच्या आत वस्ती उठली आणि यल्लूही गेली. त्यानंतर दुसऱ्या गावचे पाथरवट आणले, पण त्यांची टाकी आमच्या जात्यांवर बसेना. सगळं मोरदरं दगडाची कच लागणारी भाकरी खाऊ लागलं. तेव्हा आमचे डोळे उघडले. आमचं शहाणपण म्हणजे वरातीमागून घोडं. गुरुजी मरेपर्यंत बाजारात दिसेल त्या पाथरवटाला यल्लूचं विचारत राहिले. तिचा पत्ता लागला नाही.

आता मोरदऱ्यात पिठाची गिरणी आहे आणि शाळेला पक्की इमारत आहे. तरी दरवर्षी सातवीचा नकाशा अंगणातच होतो. पहिली माती ओढ्यापलीकडून येते. तिथं आज कुणी राहत नाही, तरी शिकवणाऱ्यानं स्वतः जाऊन ती आणायची, सरांनी टोपीत, बाईंनी पदरात. गावातल्या थोरामोठ्यांनी उघड्या डोक्यानं अंगणात उभं राहायचं. माती ठेवून झाली की सातवीतलं सगळ्यात लहान मूल विचारतं, "ह्या मातीच्या घरची माणसं कुठं आहेत?"

उत्तर द्यायचं नाही अशी रीत आहे. पोरं आमच्याकडं बघत राहतात, आणि आम्ही जमिनीकडं.