शिवेवरून परतलेली गाडी

फार मागची गोष्ट. इतकी मागची, की त्या गावांची नावंही आता कुणाला ठाऊक नाहीत. लहानांनी ऐकावी, आणि आपल्याला सगळं कळतं असं वाटणाऱ्या मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

एका ओढ्याच्या काठानं तीन गावं होती. वरचं, मधलं आणि खालचं. लेकी इकडच्या तिकडं दिलेल्या, बैल तिकडचे इकडं आणलेले. तिन्ही गावांचं मिळून एकच गणगोत.

एका साली वरच्या गावात तापाची साथ आली. सकाळी औत धरलेला माणूस संध्याकाळी अंथरूण धरायचा आणि आठवडा संपायच्या आत तिरडीवर जायचा. त्या मुलखात एक जुनी रीत होती. साथ आली की एक गाडा सजवायचा. त्यात आजाऱ्यांच्या गोधड्या, बांगड्या, दहीभात, लिंबं ठेवायची आणि वाजतगाजत तो गाडा शेजारच्या गावाच्या शिवेत लोटून यायचं. म्हणजे रोग तिकडं गेला, आपण सुटलो! शेजाऱ्यानं मग तो त्याच्या शेजाऱ्याकडं लोटायचा. आपली घाण दुसऱ्याच्या दारात टाकायची आणि वर देवाला हात जोडायचे. माणसाची जात अशीच, तिला काय सांगावं!

वरच्या गावाचा गाडा मधल्या गावाच्या शिवेत आला. मधल्या गावची तरणी पोरं धावली. दोर खांद्यावर घेतले आणि गाडा ओढत चावडीपुढं आणला. आता तो खालच्या गावाकडं न्यायचा.

चावडीच्या पायरीवर गावचा पाटील उभा होता. तो म्हणाला, "गाडा पुढं जाणार नाही. इथंच जाळा."

पोरांतला एक जण दोर न सोडता म्हणाला, "पाटील, रीत मोडता?"

"मोडतो. वरच्या गावानं गाडा लोटला, म्हणून त्यांचं मढं उठून बसलं का? आजही त्यांच्या मसणवट्यात धूर दिसतोय."

मागून एक म्हातारा खाकरला. त्याला सगळे तात्या म्हणत. "खरं बोला की पाटील. खालच्या गावात लेक दिलीय तुमची. तिच्यासाठी आम्हाला मारताय."

लोक फिदीफिदी हसले. पाटलाची एकुलती लेक खालच्या गावात नांदत होती आणि तिला दिवस गेलेले होते, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"व्हय, लेकीसाठीच," पाटील म्हणाला. "आणि तात्या, तुमची बहीण कुठं नांदते? ह्याची आत्या कुठं दिलीय? त्या दोर धरलेल्याचं आजोळ कुठलं? गाडा न्यायचा तर आधी तोंडानं म्हणा, बहिणीच्या अंगणात मढं टाकायला निघालो म्हणून. मग न्या."

म्हणायला कुणाची जीभ उचलेना. गाडा चावडीपुढंच जळाला.

पण ज्या हातांनी दोर ओढले होते ते हात काही जळाले नव्हते. दोनतीन दिवसांत त्यांतल्या एका पोराला ताप भरला. मग त्याच्या आईला. मग शेजारी.

पाटलानं गावाला अंगणा-अंगणात उभं केलं आणि गल्लीतून चालत ओरडून सांगितलं, "आता आपलं गाव म्हणजे आग लागलेली कडब्याची गंजी. ठिणगी बाहेर जायला नको. शीव बंद. आतला बाहेर जाणार नाही, बाहेरचा आत येणार नाही. पाण्याला एकेकानं जायचं. पारावर बसायचं नाही, भजनाला जमायचं नाही. आणि एकाची चिलीम दुसऱ्यानं ओढायची नाही."

लोकांनी बाकीचं सगळं ऐकून घेतलं. चिलमीचं मात्र झोंबलं.

"पाटील, देव बंद केला ते समजलो," तात्या म्हणाला. "पण चिलमीनं काय घोडं मारलंय?"

तात्या आणि त्याचे चार सोबती मग गोठ्यामागं चोरून जमू लागले. एकच चिलीम, पाच तोंडं. म्हणायचे, आपण काय कुणाच्या घरात शिरतोय? आपल्या आपल्यात तर ओढतोय! पुढं पाचही जण गेले. ओढायला पाच होते, उचलायला एकही पुढं येईना. असो.

असेच दिवस चालले होते. आणि एका सकाळी शिवेवर एक बैलगाडी येऊन उभी राहिली.

गाडीत पाटलाची लेक होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही सगळीकडचीच रीत. माहेराहून न्यायला कुणी आलं नाही, निरोप नाही. शीव बंद, निरोप धाडणार कोण? शेवटी जावईच तिला घेऊन आला होता. शिवेवर पहाऱ्याला बसवलेल्या जागल्यानं काठी आडवी धरली आणि हाळी दिली. पाटील आला. त्याच्यामागं पाटलीणबाई पदर सावरत धावत आली. अर्धं गावही लांब लांब उभं राहिलं.

"आबा, ही काठी कसली?" लेकीनं गाडीतूनच विचारलं.

"गावात ताप आहे पोरी. तिथंच थांब. खाली उतरू नकोस."

"नववा सरत आला माझा. बसून बसून पाठ मोडली. आधी आत तर घ्या, मग सांगा."

पाटलीणबाई पुढं निघाली होती. पाटलानं तिच्या वाटेत हात आडवा घातला. ती त्याच्यावर कडाडली, "अहो, पहिलटकरीण आहे! तुम्हाला काळीज आहे का धोंडा?"

लोकांनाही गलबलून आलं. ज्याचा थोरला पोरगा कालच गेला होता तो शेजारी हळूच म्हणाला, "पाटील, घ्या पोरीला आत. आम्ही बघितलं नाही असं समजू. लेकीचा जीव आहे, कोण बोलेल?"

"आम्ही कोणी बोलणार नाही," दुसरा म्हणाला. "फक्त उद्या मी जरा सासुरवाडीला जाऊन येईन. तेवढं तुम्हीही बघू नका."

"माझा बैल खालच्या गावात अडकलाय," तिसरा म्हणाला. "मी गेलो आणि आलो."

पाटलानं त्या तिघांकडं बघितलं. मनानं तिघंही चांगले होते. दया खरी होती आणि सौदाही खरा होता. एका लेकीसाठी काठी उचलली, की तिच्यामागून सगळ्यांच्या लेकी, सगळ्यांचे बैल, सगळ्यांच्या सासुरवाड्या आत-बाहेर करणार. आणि मग चावडीपुढं जाळलेला गाडा पायापायानं खालच्या गावात पोचणार.

तो जावयाला म्हणाला, "जावईबापू, गाडी वळवा."

लेकीनं विचारलं, "आबा, मी परकी झाले का हो?"

"परकी असतीस तर घेतली असती," पाटील म्हणाला. त्याला काय म्हणायचं होतं ते त्यालाही नीट सांगता आलं नाही. तोंडातून निघालं तसं निघालं.

गाडी वळली. पाटलीणबाई मातीत बसली आणि नवऱ्याला नाही नाही ते बोलली. ते इथं लिहिण्यासारखं नाही. सासुरवाडीला जायचं, बैल आणायचं नाव मात्र त्या दिवसानंतर गावात कुणी काढलं नाही.

तीन दिवसांनी पाटलीणबाईला ताप भरला. लेकीला पोटाशी धरायला धावली तेव्हाच तो तिच्या अंगात होता. पण तापाला शिंगं थोडीच असतात दिसायला! आठवड्यात ती गेली. सरणाजवळ पाटील एकटा, आणि लांब उभा जागल्या.

तोवर लेकीनं खालच्या गावात सगळं सांगितलं होतं. ते लोक शिवेवर धान्याची पोती, भाजी, सरपण ठेवून जायला लागले होते. ठेवायचं, हाळी द्यायची, मागं सरायचं. मरणाची बातमीही तशीच हाळीनं पलीकडं गेली. पलीकडं लेक ओली बाळंतीण होती. आईच्या मातीला तिला येता आलं नाही. तिनं घराच्या मागल्या दारी बसून पाणी सोडलं.

सुगीच्या आधी ताप ओसरला. वरच्या गावानं साथभर गाडेच लोटले होते. तिथं संध्याकाळी दिवा लावायला माणूस उरलं नाही. मधल्या गावात बरीच घरं ओस पडली, पण गाव उरलं. खालच्या गावाला तापाचा वाराही लागला नाही.

शीव उघडली, तशी लेक आली. कडेवर पोर होतं. बापाच्या पाया पडली नाही. उंबऱ्यावर उभी राहून एवढंच म्हणाली, "आई जाताना काय म्हणाली?"

पाटील म्हणाला, "शुद्धीवर आली तेव्हा विचारलं, पोर आत आली नाही ना? मी म्हटलं, नाही. म्हणाली, बरं झालं. मग पाणी मागितलं. मी पाणी घेऊन आलो तर..."



लेकीनं पोर त्याच्या मांडीवर ठेवलं. पदर खोचला, आत गेली आणि कधीची थंड पडलेली चूल सारवायला घेतली.

तात्पर्य: साथ सगळ्यांची असली की पथ्यही सगळ्यांचंच; त्यातून आपलं माणूस तेवढं वगळलं, की गाव बुडालंच म्हणून समजा.