लखलखपूरची डीपी

लखलखपूरची डीपी, म्हणजे गावाला वीज देणारी ट्रान्सफॉर्मरची पेटी, तिसऱ्यांदा जळाली, आणि या खेपेला राजा हेकटसिंह नेमका डोक्याला साबण लावून बसला होता! दिवे गेले, नळाची धार थांबली, डोळ्यांत फेस गेला. राजा टॉवेल गुंडाळून तसाच दरबारात आला आणि गरजला, "त्या शिदू वायरमनला उभा करा माझ्यापुढे!"

शिदू आला. बरोबर त्याची बायको हौसाही आली. ही हौसा साऱ्या गावाला नळाचं पाणी सोडायची. टाकीच्या व्हॉल्व्हची लांबलचक चावी तिच्या हातात तशीच होती.

"सरकार," शिदू काकुळतीने म्हणाला, "आपल्या आजोबांनी डीपी बसवली तेव्हा घरटी एक बल्ब होता. आता घरोघरी गीझर, कूलर, मिक्सर, वर चार्जिंगच्या गाड्या! एकट्या आपल्या महालात बावीस एसी! बिचारीने सोसायचं तरी किती?"

आजोबांच्या वस्तूला नावं ठेवलेली राजाला मुळीच खपत नसत. "डीपीत खोट नाही, खोट तुझ्यात आहे! उद्यापासून आठ दिवस गावात अंधार दिसता कामा नये. हीच दुरुस्त कर, नवी डीपी मिळणार नाही. आणि माझ्या प्रजेला 'बंद करा' म्हणायचं नाही! एकदा जरी दिवे गेले, तर बायकोसकट हद्दपार!"

शिदू घाबरलाच. राहतं घर, दारातली शेळी, सगळं टाकून या वयात जायचं कुठे? हौसाही घाबरली होती. पण भीतीपेक्षा तिला राग जास्त आला होता.

"'बंद करा' म्हणायचं नाही, एवढंच ना सरकार?"

"एवढंच!"

"मग ठरलं!"

घरी येताच शिदू कपाळाला हात लावून बसला. "अगं, ठरलं काय? काय ठरलं?"

"अहो, डीपी जळते किती वाजता?"

"संध्याकाळी सातला. तिन्ही वेळा सातलाच."

"आणि मी पाणी किती वाजता सोडते?"

"सात..." शिदूने आ वासला.

त्याचं असं होतं. नळाला पाणी आलं रे आलं, की लखलखपुरातलं घर न् घर पाणी ओढायला मोटार लावायचं. मिनिटभर उशीर केला तर शेजारी सगळं पाणी ओढून नेणार! म्हणजे आधीच सांजवेळचे दिवे, कूलर, स्वयंपाक, आणि त्यावर गावभरच्या मोटारी एकदम.

शिदूने रातोरात डीपी दुरुस्त केली आणि दुसऱ्या दिवसापासून हौसाने आळीआळीची वेळ वेगळी केली. कासार आळीला पहाटे, माळी आळीला दुपारी, वरच्या आळीला चार वाजता. बायका कुरकुरल्या, "काय गं हौसे, ही काय पाणी सोडायची वेळ?"

"येतंय ना? मग भरा गुपचूप!"

सात दिवस गेले. गावातला दिवा साधा मिणमिणलाही नाही.

दोघांना दरबारात बोलावून राजाने मांडीवर थाप मारली. "बघितलंत? आजोबांची डीपी ठणठणीत आहे, हा शिदूच कामचोर होता! आता उद्या सातच्या ठोक्याला गावाने असेल नसेल ते सगळं एकदम सुरू करायचं. आणि हौसे, पाणीही साऱ्या गावाला सातलाच सोडायचं! पाहूच द्या जगाला!"

"मेलो!" शिदू पुटपुटला.

हौसा मात्र कमरेत वाकली. "हुकूम, सरकार. पण उद्या खंडेनवमी. तलवारी, भाले, साऱ्यांची पूजा आपल्या हातून होते. मग आजोबांच्या डीपीने काय घोडं मारलंय?"

"वा! तिचीही पूजा झालीच पाहिजे!"

"आणि आरती संपेपर्यंत पाटावरून उठायचं नाही, ही आपल्या घराण्याची रीत..."

"ती मी मोडतो की काय!"

खंडेनवमीला डीपीच्या कुंपणाला झेंडूची माळ चढली. पुढ्यात पाट, पाटावर राजा, मागे अख्खं गाव. शेजारीच पाण्याची टाकी. सात वाजले. हौसाने सगळे व्हॉल्व्ह फिरवले, घराघरांत बटणापाशी बसवलेल्या पोरांनी मोटारी सुरू केल्या, आणि गुरुजींनी आरती धरली.

डीपी घुमायला लागली. मग थरथरायला लागली. गरम तेलाचा वास सुटला.

"गुरुजी, जरा आटपा!" राजा कुजबुजला.

"सरकार, अजून चार कडवी आहेत."

"हौसे, ही अशी का गुरगुरते आहे?"

"बसा हो निवांत, सरकार! डीपीत खोट नाही!"

तेवढ्यात वर फट्ट्‌कन ठिणगी उडाली. राजाच्या हातातली घंटाच निसटली. "बंद करा! अरे, मोटारी बंद करा! गीझर बंद करा! माझे एसी तर आधी बंद करा!"

शिपाई महालाकडे पळाले, बाया घराकडे पळाल्या. मोटारी थांबल्या. डीपीची गुरगुर हळूहळू उतरली. गावातले दिवे मात्र जळतच होते.

राजाने कपाळावरचा घाम पुसला. "हौसे, हरलीस! शेवटी बंद करावंच लागलं ना?"

"पण म्हणालं कोण, सरकार? माझ्या तोंडून तो शब्द निघाला असेल तर आत्ता गाव सोडते!"

राजाने हौसाकडे पाहिलं, डीपीकडे पाहिलं, आणि पोट धरून हसत सुटला. "जिंकलीस गं बाई! हद्दपारी रद्द! माग, काय हवं ते माग!"

"दोन नव्या मोठ्या डीपी, सरकार."

"दिल्या! उद्या दरबारात सही करतो." राजा उठायला लागला.

"अं हं! आरती कुठे संपलीय?" हौसाने आधीच लिहून आणलेला मंजुरीचा कागद पुढे केला. "चार कडवी बाकी आहेत. तेवढ्यात सही होईल!"

राजा मटकन पुन्हा पाटावर बसला आणि हसता हसता त्याने मांडीवरच कागद ठेवून दोन डीपींवर सही ठोकली.