लोकऱ्याचे दुखणे

ही त्या काळची गोष्ट, जेव्हा एका गावाजवळून वाहणाऱ्या नदीचे पाणी रोज वेगळ्या रंगाचे असे. गाव रंगाऱ्यांचे होते. तिथे केशर नावाची मुलगी राहत असे, आणि तिचा एक कुत्रा होता. मेंढपाळ पुढच्या गावी निघताना ते पिल्लू तिला देऊन गेले होते. अंगावर मेंढीसारखे दाट केस, म्हणून त्याचे नाव लोकऱ्या.

वर्षभरात लोकऱ्या वासराएवढा झाला. मग एके दिवशी तो भाकरीजवळ गेला आणि ती नुसती हुंगून, न खाता परत फिरला. तिसऱ्या दिवशी पाण्याचा घोटही त्याच्या तोंडातून बाहेर आला.

केशर घाबरली. आजोबांनी बसल्या जागेवरून सांगितले की अंगात उष्णता वाढली आहे, सावलीत ठेव आणि ताक पाज. आत्या म्हणाली, उष्णता कसली, पोटात गारठा शिरलाय. उन्हात ठेव आणि ओवा दे. शेजारच्या तात्यांच्या मते एवढ्या देखण्या जनावराला दृष्ट लागली होती. त्यांनी बिब्बा ओवलेला काळा दोरा दिला. केशरने तो लोकऱ्याच्या गळ्यात, केसांवरूनच बांधला.

मग ती त्याला सकाळी उन्हात नेई, दुपारी सावलीत. ताक गळ्याखाली उतरेना, ओवा जिभेवर राही. मधेच लोकऱ्याची शेपटी हले. ती उन्हामुळे हलली, की सावलीमुळे, की दोऱ्यामुळे, हे तिला कळेना. तिघांचे ऐकावे तर एकाचे दुसऱ्याशी जुळत नव्हते, आणि न ऐकावे तर करावे काय?

शेवटी ती चिडून म्हणाली, "तुम्ही तिघं मिळून एकच काहीतरी सांगा ना."

आजोबांना राग आला. "तुझ्यापेक्षा साठ पावसाळे जास्त पाहिलेत मी."

"पावसाळे पाहिलेत, आजोबा. लोकऱ्याला पाहिलंत का?"

एवढे बोलून तिने कापडाची हातगाडी रिकामी केली, लोकऱ्याला तीवर निजवले आणि नदीपलीकडे जनावरांच्या वैद्यिणीकडे निघाली. लोकऱ्याच्या बरगड्या आता केसांतूनही दिसत होत्या.

वैद्यिणीसमोर केशरने सगळे भडाभडा सांगितले. उष्णता, गारठा, दृष्ट. "यातल्या कशावर औषध द्यायचं? माझं डोकंच चालेनासं झालंय."

वैद्यिणीने लोकऱ्याचे नाक चाचपले, कान उलटून पाहिले, जबडा उघडून दात पाहिले. मग हात जबड्याखालून गळ्याकडे सरकला आणि तिथेच थांबला. लोकऱ्या कण्हला.

तिने केस बाजूला केले. काळ्या दोऱ्याच्या खाली, मांसात रुतलेला आणखी एक दोरा होता. तिने तो हलक्या हाताने कापून काढला आणि पाण्यात धुतला. दोरा फिकट लाल होता, दोन ठिकाणी गडद.

"हा कुणी बांधला?"

केशरने तो ओळखला. आयुष्यात स्वतःच्या हाताने रंगवलेला तो तिचा पहिला दोरा. दोन जागी रंग जास्त धरला म्हणून आजोबा हसले होते. पिल्लू घरी आले त्या दिवशी तिने तो त्याच्या गळ्यात बांधला, ते आपले आहे हे सगळ्यांना कळावे म्हणून. पिल्लू वाढले. दोरा तेवढाच राहिला.

"मीच," ती म्हणाली.

"रोज कुरवाळत असशील."

"रोज."

"पाठीवरून?"

केशरने लोकऱ्याच्या पाठीवरचा हात काढून घेतला.

वैद्यिणीने जखमेला हळद लावली. तिसऱ्या दिवशी लोकऱ्याने अर्धी भाकरी खाल्ली, आणि उरलेली अर्धी कुणी नेऊ नये म्हणून तीवर पंजा ठेवून बसला.

गावात आजोबा म्हणाले ताक लागू पडले, आत्या म्हणाली ओवा, आणि तात्यांनी आपला बिब्बा परत मागितला. केशरने वाद घातला नाही. मात्र त्यानंतर दर बाजारच्या दिवशी ती लोकऱ्याला समोर बसवून नाकापासून नखांपर्यंत चाचपू लागली. तिसऱ्या आठवड्यात आजोबा कुरकुरत आपली गाय घेऊन आले. "हिलाही बघ जरा," ते म्हणाले.

लहानांनो आणि मोठ्यांनो, मुक्या जिवाला औषध देण्याआधी त्याला नीट हात लावून पाहावे, आणि आपणच प्रेमाने बांधलेली गाठ सर्वांत आधी तपासावी.